मिती आणि मर्यादा

आपल्या भागात ‘सीमा’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नकाशा उभा राहतो. मला मात्र उद्यमबागेतील एका फाउंड्रीतली फुकट गेलेली बारा कास्टिंगे आठवतात.

निपाणीहून बेळगावला शिकायला आलो आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्या फाउंड्रीत जाऊ लागलो. पंपाला लागणाऱ्या एका पोकळ नळकांड्याचे ड्रॉइंग संगणकावर करण्याचे काम माझ्याकडे आले. फ्रीकॅड या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मापाला नाव देता येते व मापे सूत्रांनी एकमेकांशी जोडता येतात. एक आकडा बदलला, की सारे चित्र आपोआप बदलते. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’मध्ये रेषांना अटी पाळायला लावल्या, तेव्हापासूनची ही विद्या! माझ्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास १२० मिलिमीटर व आतला १०० होता. म्हणजे भिंतीची जाडी १०.

पुढे गिऱ्हाइकाने आतला व्यास वाढवून मागितला. मी ११४ टाकला. भिंत उरली ३ मिलिमीटर. पडद्यावरचे चित्र सुरेखच दिसत होते. संगणकाने हूं की चूं केले नाही. भूमितीच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती.

पॅटर्न करणाऱ्या मामांनी मात्र कागद हातात घेताच मान हलवली. “बाळ, भिंत लई पातळ झालीया की. रस पोचायचा न्हाई.”

“मामा, संगणकानं काढलंय ते,” मी म्हणालो. मामा गप्प बसले.

व्हायचे तेच झाले. लोखंडाचा रस अरुंद वाटेत थंड झाला. मोल्ड पुरता भरलाच नाही. काही ठिकाणी कोअर एक मिलिमीटर सरकला. एकीकडे भिंत ४, तर दुसरीकडे २. मालक मामांवर कडाडले, “इतकी वर्षं काम करताय, दिसलं नाही तुम्हाला?” मी शेजारीच उभा होतो. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी काही बोललो नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मामांना विचारून घेतले, तेव्हा ते म्हणाले, या आकाराच्या कामाला ५ च्या खाली जायचे नाही. मी सूत्रात तशी अट घातली : हिशेबाने आलेली जाडी आणि ५, यांतील जो आकडा मोठा, तो घ्यावा. आता कोणी काहीही टाको, भिंत पाचाच्या खाली जाणार नाही! मोठ्या अभिमानाने मामांना दाखवले.

त्यांनी शांतपणे विचारले, “म्हंजे मी तीन सांगितलं, तर हा गुपचूप पाच करणार? मला कळणार कसं?”

मी चपापलो. खरेच, चुकीचा आकडा तसाच राहणार आणि चित्र मात्र ठाकठीक दिसणार. नळकांड्याचे आतले भोक नकळत लहान होऊन जाणार. गप्प राहून सारे सावरून घेतल्याचा आव आणणारा तो संगणक मला माझ्यासारखाच वाटला.

मी ती अट काढून टाकली. तक्त्यात एक वेगळी चौकट केली. जाडी ५ पेक्षा कमी झाली, की तीत शब्द उमटतात : ‘मर्यादा ओलांडली. मामांना विचारा.’ मोल्डिंगवरच्या कन्नड मित्राने त्याखाली आपली ओळ घालायला लावली : ‘मिति मीरिदे’. मराठीत आपण मिती म्हणजे माप म्हणतो. कन्नडमध्ये मिति म्हणजे मर्यादा. मापाबरोबर मर्यादाही शिकावी, हे आपल्या दोन्ही भाषांनी मिळून मला सांगितले.

मग मालकांकडे गेलो आणि कास्टिंगे कोणामुळे वाया गेली ते सांगितले. त्यांनी बोलायचे ते बोलून घेतले. बाहेर आलो, तर मामा सागाच्या फळीला रंधा मारत होते. वर न बघताच म्हणाले, “ये, चहा घे.”