हृदयविकार आणि आमचें गांव

हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या साखरा गांवीं कोणी अकस्मात् वारला म्हणजे ‘वेळ भरली’ असें म्हणून लोक गप्प बसतात. हृदयविकार हा शहरांतील धनिकांचा रोग, अशी समजूत! परंतु १९९० सालीं भारतांतील शंभर मृत्यूंपैकीं सुमारें १५ हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होत; २०१६ सालीं ते २८ झाले. आयुर्मान वाढलें, हें एक कारण. पण तंबाखू, वाढलेला रक्तदाब व मधुमेह हींही आहेत. तंबाखूनें रक्तवाहिन्या आखडतात. तरी चंची पुढें करणें हा आमच्याकडील आदरसत्कार. तो नाकारणें आम्हांसही अवघड जातें. रक्तदाब दुखत नाहीं, म्हणून कोणी तो मोजवून घेत नाहीं. छातींत कळ आली, तरी प्रथम ‘पित्त झालें’ असें म्हणून ओवा चघळतात. आणि दवाखान्याची वाट धरावयाची घटका त्यांतच निघून जाते.