थुंकीचा हिशेब

जुन्या मागावर कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घालायचा. मग धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सूत बाहेर यायचं. धोटा ओला व्हायचा. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. एवढ्या थुंकीवर मुंबईच्या गिरण्यांत माझ्या पणज्याची जागा ठरली. महाराची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात कशी जाणार? म्हणून कापडखातं बंद. त्यानं रिंगखात्यातच राबायचं. आणि पगार जास्त कुठं? कापडखात्यात.

आजा सांगतो, "सूत आमीच काढायचं. त्येच सूत मागावर चढलं की आमी बाटवनार. हाय का न्हाई गंमत?"

1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सहाएक महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी घातला, पण नाइलाजानं. त्यावर मालकांचं उत्तर काय? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकीकत आहे.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. धंद्याचं नीतिशास्त्र शिकवतात म्हणे, ते मला ठाऊक नाही. पण या उत्तरावर मी पुष्कळ रात्रपाळ्या विचार केलाय. मालकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. जात त्यानं काढली नाही. कापडखात्याच्या दारावर पहारा आपल्याच कामगार भावांचा होता. खांद्यावर लाल बावटा आणि ओठांवर सोवळं.

पण उरलेलं अर्धं? अन्याय केला कुणी, हा एक प्रश्न. अन्याय वापरला कुणी, हा दुसरा. चोरीचा माल घेणारा घर फोडत नाही, म्हणून काय तो साव ठरतो?

धोटा विकत कुणी घेतला? मालकानं. माणूस ठेवायचा का काढायचा, हा हक्क कुणाचा? मालकाचा. तोंड न लावता चालणारा धोटा तेव्हा जगात नव्हता का? होता. अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा माग 1890 च्या दशकातच आला, त्याचा धोटा आपला आपण सूत ओवून घ्यायचा. पण तो माग महाग आणि इथं माणूस स्वस्त. रिंगखात्यात कमी पगारावर अडकलेली माणसं मालकाला परवडत होती. आणि त्या धोट्यातून विणकराच्या छातीत कापसाची धूळ जायची ती वेगळीच. थुंकीची जात सगळ्यांनी पाहिली, धूळ कुणी पाहिली नाही.

मी आज एका सूतगिरणीत आहे. आता बिनधोट्याचे मागही आलेत. पण ते उत्तर काही गेलं नाही. गेल्या साली आमच्या खात्यात एका पोराची दोन बोटं कार्डिंग मशिननं नेली. कंपनी म्हणाली, पोरगा कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, मशिन कंपनीचं. पोरगा दवाखान्यात मला म्हणाला, "दादा, बोटं तर माझी हायती ना?" औषधाचे पैसे आम्ही खात्यात वर्गणी काढून भरले.

1948 च्या कारखाना कायद्यानं धोक्याच्या यंत्राला आडोसा घालायची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. 1976 च्या दुरुस्तीनं कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कामगारच धरला. म्हणजे कायद्याला कळलं होतं. त्या पोराच्या हातून निघालेलं सूत गाडीत भरताना कंपनीला ते परकं वाटत नाही. मग बोट तुटल्यावर हात परका कसा होतो? ज्याला ठाऊक होतं, ज्याच्या हातात बदलणं होतं आणि ज्याच्या खिशात नफा गेला, तो जबाबदार. मालक असो, मॅनेजर असो, नाहीतर कंत्राटदार.

आणि आपण? आमच्या युनियनच्या मागणीपत्रात बोनस आहे, भत्ता आहे, कंत्राटी पोरं नाहीत. "ते आपले मेंबर नाहीत," म्हणतात. मित्रांनो, हे मालकाचंच उत्तर झालं. येत्या मीटिंगला मी उभा राहून विचारणार आहे: त्यांचं कलम आपण होऊन घालता, का 1928 सारखं नाइलाजानं?