गळकी कॉइल: चंडीगडमधील एका निसान ट्रकची हकीकत

भारतीय रस्त्यांवरील बहुतेक जुने ट्रक डिझेलचे असल्यामुळे, आणि डिझेल इंजिनात इंधन ठिणगीने नव्हे तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटत असल्यामुळे, ट्रकच्या संदर्भात इग्निशन कॉइलचा प्रश्न सहसा निघत नाही. जबलपूरच्या कारखान्यात जपानी परवान्याने लष्करासाठी बांधलेला एक टनी निसान हा याला अपवाद होय. त्याचे सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे इंजिन पेट्रोलवर चालते. प्रस्तुत लेखकाने चंडीगडमध्ये बाळगलेला ट्रक याच जातीचा, लष्करी लिलावातून आलेला आहे.

कॉइल म्हणजे पत्र्याच्या डब्यात लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी: एक जाड तारेचे, काहीशे वेढ्यांचे, दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो वेढ्यांचे. पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे स्पर्शक, उघडताच पहिल्यातील प्रवाह तुटतो आणि बारा व्होल्टांच्या व्यवस्थेतून वीस हजारांच्या आसपास व्होल्ट निर्माण होऊन ते डिस्ट्रिब्यूटरमार्फत प्लगांना पोचतात. (डिस्ट्रिब्यूटरला मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात, ही व्यवस्था चार्ल्स केटरिंग यांच्या ज्या अमेरिकी कंपनीने १९१० च्या कॅडिलॅकसाठी सिद्ध केली, तिचेच हे नाव, आणि ते वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असते.) सहा सिलिंडरांच्या इंजिनाला मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या लागत असल्याने वेटोळी तापतात, आणि ती थंड व एकमेकांपासून विलग राहावीत म्हणून जुन्या धाटणीच्या डब्यात तेल भरलेले असते.

हे तेल गळू लागल्याचे मात्र फार उशिरा ध्यानात आले. जून महिन्यात परवाणूच्या पुढे धरमपूरचा चढ लागला की इंजिन मिसिंग करू लागे, सायलेन्सरमधून फटाके वाजत आणि ट्रक बंद पडे. अर्ध्या तासाने, जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात, तो पुन्हा सुरू होई. लक्षण हुबेहूब पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचे असल्यामुळे प्लग बदलणे आणि कार्बोरेटर साफ करणे हे दोन्ही खर्च आधी झाले. तिसऱ्या खेपेस ओले फडके प्रथम पेट्रोल पंपावर ठेवले, त्याने काहीच फरक पडला नाही. तेच फडके कॉइलवर ठेवताच वाफ निघाली आणि काही मिनिटांत इंजिन लागले. तेव्हा कुठे बेकेलाइटच्या टोपीच्या कडेने साचलेला, धूळ बसून काळा चिकट झालेला तेलाचा वळ दृष्टीस पडला.

मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये मिळालेली नवी कॉइल बसवणे हे दोन स्क्रू आणि तीन तारांचे काम आहे. बॅटरीची तार काढून ठेवावी, किल्लीकडून येणारी तार धन टोकाला आणि डेल्कोकडे जाणारी ऋण टोकाला जोडावी, इतकेच पथ्य. अडचण उद्भवली ती मीटर लावल्यावर. जुन्या कॉइलचा रोध दीड ओहम होता आणि उरलेला भार वाटून घेण्यासाठी वाटेत बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारी चिनीमातीची कांडी, बसवलेली होती. नवी कॉइल तीन ओहमची असल्यामुळे ती कांडी तशीच ठेवली असती तर ठिणगी दुबळी पडली असती. कांडी काढली, जळून निळसर पडलेले पॉइंट व कंडेन्सर बदलले, आणि आधीच्या कोणीतरी टोपी खाली करून तिरपी आवळलेली पट्टी फिरवून कॉइल उभी केली.

गळतीचे मूळ बहुधा मालकाच्याच हातून घडलेल्या चुकीत होते, हे येथे नोंदवणे भाग आहे. त्याआधी एकदा इंजिन बंद असताना किल्ली तासभर चालू स्थितीत राहिली होती. अशा वेळी पॉइंट मिटलेले असतील तर प्रवाह अखंड वाहतो, कॉइल भाजते, तेल फुगते आणि टोपीची कड सैल होते. काढलेली कॉइल कानाशी धरून हलवली असता अर्ध्या भरलेल्या बाटलीसारखी डचमळे. थंड असताना मीटरवर मात्र ती निर्दोषच ठरत होती.