पायरीवरचं शेवाळ

कर्जतच्या घरामागचा पोहण्याचा तलाव भरून आज आठवा दिवस. सकाळी पायरीवर हात फिरवला, तर बुळबुळीत लागली. शेवाळ धरायला लागलंय! क्लोरीन रोज टाकत होते, पण भर उन्हात. ऊन ते काही तासांतच संपवतं. आता दिवेलागणीनंतरच टाकायचं.

तपासणीच्या नळीत थेंब सोडले, पाणी गडद गुलाबी. पीएच ८च्या आसपास. हवा ७.२ ते ७.८. वर गेला की क्लोरीन असूनही लुळं पडतं. बादलीभर पाण्यात थोडं आम्ल सोडलं (आम्लात पाणी कधीच नाही), मग ते तलावात ओतलं. भिंती घासल्या, पंप चालू ठेवला.

उद्या नात येतेय. तळाची फरशी लख्ख दिसेपर्यंत तिला उतरू देणार नाही.