कोंबडा तिसऱ्यांदा आरवण्याआधी

भुताचे पिक्चर दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात दार करकरतं, मागून हात येतो, आपण किंचाळतो आणि पुढच्या मिनिटाला वेफर्सच्या पुडीत हात घालतो. दुसऱ्या प्रकारात पिक्चर संपतो, पण आपण झोपत नाही, भांडत बसतो. ना हाँग-जिन या कोरियन दिग्दर्शकाचा 'द वेलिंग' (२०१६) हा या दुसऱ्या प्रकारातला. तो बघून आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर जे काही झालं, त्याबद्दल हा लेख. (शेवट सांगणार आहे, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या. दोन तास छत्तीस मिनिटं लागतात, म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री नको!)

गोष्ट थोडक्यात अशी. दक्षिण कोरियातल्या गोकसाँग या डोंगराळ भागात एकेका घरात माणसं अंगावर पुरळ उठून वेडीपिशी होतात आणि आपल्याच घरच्यांना मारतात. सरकारी उत्तर तयार असतं : विषारी रानमश्रूम. गावाचं उत्तरही तयार असतं : डोंगरात येऊन राहिलेला तो जपानी म्हातारा. जोंग-गू हा तिथला जाडसर, भित्रा पोलीस. खुनाचा फोन आला तरी आधी नाश्ता करून निघणारा. आपण त्याला हसतो. मग एक दिवस त्याच्या स्वतःच्या मुलीच्या, ह्यो-जिनच्या अंगावर पुरळ उठतं आणि आपलं हसू बंद होतं.

पुढे डॉक्टर होतात, चर्च होतं, सासूच्या सांगण्यावरून मोठ्या बिदागीचा मांत्रिक होतो. मांत्रिक म्हणतो जपानी म्हातारा सैतान आहे. पांढऱ्या कपड्यातली एक अनामिक बाईही तेच म्हणते. शेवटी मांत्रिक फोन करून सांगतो, "चुकलो, ती बाईच भूत आहे!" आणि ती बाई रस्त्यात उभी राहून सांगते, "कोंबडा तीन वेळा आरवेपर्यंत घरी जाऊ नकोस, गेलास तर घरातलं कोणी वाचणार नाही." दोन बांगा झाल्यात. बापाने काय करावं?

जोंग-गू थांबत नाही. घराच्या दारावर टांगलेली वनस्पती त्याच्या डोळ्यांदेखत कोमेजते आणि आत सगळं संपलेलं असतं.

लॅपटॉप बंद केला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आम्ही सहा जणी, तीन चादरी, एक ट्यूबलाइट. (आमच्याकडे मुलींना गावाच्या नावानेच हाक मारतात, म्हणून पुढेही तसंच लिहिते.) आणि मग सुरू झालं ते व्हायवापेक्षा भयंकर होतं. प्रत्येकीला पिक्चर 'कळला' होता आणि प्रत्येकीचा पिक्चर वेगळा होता!

मी बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेली, त्यामुळे मी भाव खाऊन घेतला. पिक्चरच्या सुरुवातीला बायबलमधला उतारा येतो. पुन्हा जिवंत झालेला येशू घाबरलेल्या शिष्यांना 'मी भूत नाही, माझे हात-पाय बघा' असं सांगतो, तो प्रसंग. शेवटी गुहेत तेच शब्द तो जपानी म्हातारा बोलतो, तळहातावर खिळ्यांच्या खुणा दाखवत! आणि कोंबडा? तो तर मॉरल सायन्सच्या तासालाच भेटलेला. कोंबडा आरवण्याआधी पीटर येशूला तीनदा नाकारतो. नागपूरने इतिहास काढला : १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, म्हणून गावाला परका म्हातारा आधीपासूनच दोषी वाटतो, आपल्यालाही वाटतो. (गंमत म्हणजे त्या भूमिकेसाठी जुन कुनिमुरा या जपानी नटाला २०१६ साली कोरियाचा ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा तो पहिला परदेशी नट.) अकोल्याने एडिटिंग पकडलं. मांत्रिक ढोल-झांजांच्या कल्लोळात लाकडी खांबात खिळे ठोकतो आणि तिकडे जपानी म्हातारा तळमळताना दिसतो, म्हणून आपण समजतो की मांत्रिक त्यालाच मारतोय. पण प्रत्येक घावाला किंचाळत असते ती मुलगी! दृश्यं एकापुढे एक लावली की जोड आपणच घालतो. थोडक्यात, दिग्दर्शकाने गळ टाकला आणि आम्ही सहाही जणी लागलो.

हे फक्त आमचंच झालं असं नाही. कोरियात सुमारे ६८ लाख लोकांनी हा पिक्चर थिएटरात पाहिला आणि कोण देव, कोण सैतान यावर तिकडेही भरपूर काथ्याकूट झाला. ह्यो-जिन बापावर ओरडते, 'महत्त्वाचं काय आहे ते तरी कळतंय का तुला?' तिच्या गावरान बोलीतलं ते वाक्य त्या वर्षी कोरियाभर लोकांच्या तोंडी बसलं. गोकसाँग ही खरी जागा आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना बदनामीची काळजी होती. मग पिक्चरच्या नावापुढे 'रडण्याचा आवाज' या अर्थाची चिनी अक्षरं छापली गेली, कारण गावाचं नाव उच्चाराला तेच असलं तरी अक्षरं वेगळी. आणि तिथल्या प्रमुखाने चिडण्याऐवजी वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना उलट आपल्याकडे यायचं आमंत्रणच दिलं. मला ही प्रतिक्रिया सगळ्यात आवडली.

असो. आमच्या खोलीत एका गोष्टीवर मात्र एकमत होतं : बाप मूर्ख. एक बांग थांबला असता तर काय बिघडलं असतं?

सातारा तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "तुमच्या कुणाच्या घरात लहान मूल असं आजारी पडलंय का?"

मग तिने सांगितलं. तिचा भाऊ सहा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. तिचे वडील प्राथमिक शिक्षक. शाळेत लिंबू-मिरचीची थट्टा करणारे, मुलांना 'असं का?' विचारायला शिकवणारे. तिसऱ्या रात्री डॉक्टर म्हणाले, "आता काही सांगता येत नाही." तेव्हा चुलते त्यांना गाडीवर बसवून देवऋषीकडे घेऊन गेले. दीड तासात ते अंगारा घेऊन परत आले. आयसीयूत न्यायला परवानगी नव्हती, म्हणून तो खिशातच राहिला. भाऊ वाचला. एका कानाने ऐकू येत नाही.

"आता घरात दोन पार्ट्या आहेत," ती म्हणाली. "आजी म्हणते, पहिल्याच दिवशी देवऋषीकडे गेला असतास तर कानही वाचला असता. मामा म्हणतो, शिकलेला माणूस, पोराला सोडून गेलासच कसा? पप्पा दोघांनाही उत्तर देत नाहीत. तो दीड तास त्यांनी कुठे घालवायला हवा होता, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

कोणीच काही बोललं नाही. बाहेर वॉचमनची शिट्टी तेवढी वाजली.

मी नंतर वाचलं की ना हाँग-जिनला हा पिक्चर जवळची काही माणसं गेल्यानंतर सुचला. माणूस कसा मेला हे कळतं, पण 'हाच का?' याचं उत्तर मिळत नाही, तिथून. ते वाचल्यावर मला वाटलं की आमच्या पाच जणींपेक्षा सातारालाच पिक्चर जास्त कळला होता. आम्ही बायबल, इतिहास, एडिटिंग सगळं लावून उत्तर शोधत होतो, कारण उत्तर सापडलं की बापाची चूक सापडते, आणि चूक सापडली की आपल्याला बरं वाटतं. आपण तशी चूक करणार नाही ना! पण जोंग-गू थांबला असता आणि ती बाई खोटी निघाली असती, तर आम्हीच म्हणालो असतो, "घरात पोर मरतेय आणि हा रस्त्यात कोंबड्याची वाट बघत बसला!"

शेवटी जखमी जोंग-गू मुलीला पुटपुटत सांगतो की बाबा पोलीस आहे, बाबा सगळं ठीक करेल. पहिल्यांदा ऐकताना मला ते केविलवाणं वाटलं होतं. साताराच्या वडिलांच्या खिशातल्या पुडीबद्दल ऐकल्यापासून तसं वाटत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पिक्चर जरूर बघा, पण एकट्याने बघू नका. भुताच्या भीतीने म्हणत नाही मी. संपल्यावर तुम्ही बापाला मूर्ख म्हणाल, तेव्हा शेजारी एखादी सातारा बसलेली असावी, म्हणून.