सोळा आलुबोंडे, आठ क्यूब

आमच्याकडं बटाट्याला आलू म्हणतात, कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि बटाटेवड्याला आलुबोंडा. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भाजीवाल्या काकांकडं दहा रुपयांचा सांबार मागितला, तर त्यांनी मला समोरचं साऊथ इंडियन हॉटेल दाखवलं. तेव्हापासून मी तिकडं कोथिंबीर म्हणतो आणि खामगावला उतरलो की सांबार.

गेल्या डिसेंबरात मी मित्रांसाठी चीज घातलेले सोळा आलुबोंडे केले. त्याआधी तीन महिने मी घरी आणि मित्रांशी खोटं बोलत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

आम्ही चौघं इंजिनियरिंगला एका खोलीत राहायचो, शेगावला. चौघंही बुलढाणा जिल्ह्यातलेच, म्हणून एकमेकांना नावानं नाही, गावानं हाक मारायचो. मी खामगाव. बाकीचे मलकापूर, चिखली आणि मेहकर. त्यातही पुन्हा दोन पार्ट्या होत्या. खामगाव-मलकापूर घाटाखालचे, चिखली-मेहकर घाटावरचे. जिल्ह्याच्या मधून घाट जातो आणि त्याच्या वर-खाली पीकपाणी बदलतं, बोली बदलते, भाजीतलं तिखटसुद्धा बदलतं असा दोन्ही बाजूंचा दावा असतो. आमची निम्मी भांडणं यावरच व्हायची.

शेगावात राहायचं म्हणजे कचोरी आलीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी स्टेशनवर सुरू केलेली ही कचोरी आज गाडी थांबली की लोक धावत जाऊन घेतात. आत मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची. आम्ही ती इतकी खाल्ली की थर्ड इयरला तिचा वास आला तरी मेहकर म्हणायचा, "बाप्पा, आज दुसरं काही पाहा."

त्या 'दुसऱ्या काही'तून चीज आलुबोंडा निघाला. 2018 ची गोष्ट. पिझ्झा चौघांनी एकदाच खाल्ला होता, तोही अकोल्याला जाऊन, मलकापूरच्या वाढदिवसाला. बिल आल्यावर मेहकरनं त्याचा वाटा दिला आणि पुढचे चार दिवस मेसच्या जेवणाशिवाय काहीच खाल्लं नाही. आम्हाला ते चौथ्या दिवशी कळलं. मग ठरलं की चीज खायचं तर खोलीवर. एका दुकानदारानं डबी फोडून दोन क्यूब सुटे दिले. कॉइलची शेगडी, जिला होस्टेलवर बंदी होती, ती पलंगाखालून निघाली. आलू मेसमधून. दोन क्यूबचे आठ तुकडे मी शिवायच्या दोऱ्यानं कापले, कारण चाकू नव्हता.

आठातले सहा तेलात फुटले. चीज सगळं पातेल्याच्या बुडाला जाऊन बसलं आणि तेवढ्यात फ्यूज उडून अख्खी विंग अंधारात गेली. मोबाइलच्या उजेडात मेहकर चमच्यानं ते करपलेलं चीज खरवडून खात होता. "आपल्याले खुरचनच आवडते," म्हणाला. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. त्यानं चांगले दोन बोंडे आमच्यासाठी सोडले होते, हे मला फार नंतर लक्षात आलं.

2019 ला पास झालो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. मलकापूर बँकेच्या परीक्षा देत देत अकोल्याला बँकेत चिकटला. चिखलीनं पाच वर्षं एमपीएससी केली, दोनदा मेन्सपर्यंत गेला, आणि आता बुलढाण्याला क्लासमध्ये गणित शिकवतो. मेहकरच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो शेतीवर परत गेला. सहा एकर. सोयाबीन, तूर, हरभरा.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त खरं बोलणारा माणूस मेहकर. सोयाबीन ऐन काढणीत पावसात सापडलं, लिहिलं. हमीभावापेक्षा कमी भावात विकावं लागलं, लिहिलं. सोसायटीचं कर्ज थकलं, तेही लिहिलं, पुढं एक हसरा इमोजी टाकून. चिखलीनं नापास झाल्याचे दोन्ही निकाल ग्रुपवर टाकले होते. आणि मी? 'काय चाललंय रे खामगाव' विचारलं की सहा वर्षं माझं एकच उत्तर: 'चालू आहे.'

सप्टेंबरमध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल. कॅमेरा त्यांचा बंद, माझा चालू. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस गेला. दोन महिन्यांचा पगार मिळाला. मी रूम सोडली, सामान टेम्पोत घातलं आणि खामगावला येऊन सांगितलं, "वर्क फ्रॉम होम मिळालंय."

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. बहिणीची फार्मसीची फी मी भरतो. घरात हे सांगायचं कसं, म्हणून आठवडाभर थांबायचं ठरवलं. त्या आठवड्याचे तीन महिने झाले. रोज सकाळी नऊला माझा जुना लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत जायचो. दार लावायचो. अर्ज भरायचो, लीटकोड सोडवायचो, आणि दुपारनंतर नुसता बसायचो. आई चहा घेऊन यायची तेव्हा पायऱ्यांवर चप्पल काढून यायची. मीटिंग चालू असली तर आवाज नको. दारात कप ठेवून, बोटानं 'चहा' अशी खूण करून जायची. मी हेडफोन घालून मान हलवायचो. हेडफोनमध्ये काहीच नसायचं.

डिसेंबरात मेहकरचा मेसेज आला: 'रविवारी वावरात या. रोडगे करू.' थंडीत वावरात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे, ही आमच्या भागातली खरी पार्टी. मलकापूरनं लगेच लिहिलं: 'खामगावनं चीज आलुबोंडे आणावेत. पॅकेजवाला माणूस आहे.'

मी 'डन' लिहिलं आणि बाजारात गेलो.

इथून पुढं थोडं तांत्रिक आहे, कारण यावेळी मला ते फुटायला नको होते. 2018 चा बग काय होता, हे मी आधी शोधलं. आलू ओले होते. ओल्या सारणातलं पाणी तेलात वाफ होतं, वाफ कवचाला तडा देते, आणि तोवर पातळ झालेलं चीज त्या तड्यातून बाहेर पडतं. म्हणजे दोष चीजचा नव्हताच.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "नवे आलू नको आनू, चिकट व्हतात. जुने आन. आन एक कापून पाय आधी." जुन्या आलूत पाणी कमी आणि स्टार्च जास्त. पण फार थंड शीतगृहात राहिलेल्या आलूत स्टार्चची साखर होऊ लागते, ते गोडसर लागतात आणि तळले की लवकर काळपट पडतात. मी एक किलो निवडून घेतले. शनिवारी रात्री सालीसकट उकडले, सोलले आणि रात्रभर उघड्यावर गार होऊ दिले. गार झाल्यावर आलूतला स्टार्च घट्ट होतो आणि गोळा हाताला चिकटत नाही. हे मी इंटरनेटवर वाचलं. आई ते चाळीस वर्षं करत आलीये.

चीजची अख्खी डबी घेतली. दोनशे ग्रॅम, आठ क्यूब. दुकानात उभा राहून मी किंमत दोनदा पाहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा. डबीतलं हे प्रोसेस्ड चीज असतं. ते बनवताना त्यात काही क्षार घालतात, त्यामुळं तापवल्यावर तूप वेगळं सुटत नाही, ते एकजीव वितळतं. रीलमध्ये दिसते ती लांब तार हवी असेल तर मोझरेला लागतं, कारण त्याचा गोळा गरम पाण्यात ओढून ओढूनच तयार करतात. मला तार नको होती. आत राहिलं तरी पुष्कळ होतं.

प्रत्येक क्यूबचे दोन तुकडे, एकूण सोळा. ते रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी फोडणी: तेल, मोहरी, कढीपत्ता, ठेचलेलं आलं-लसूण-हिरवी मिरची, हळद. ती कुस्करलेल्या आलूत, वर मूठभर सांबार आणि मीठ. मीठ हात राखून, कारण चीज आधीच खारट. प्रत्येक गोळ्यात गोठलेला तुकडा भरून तोंड नीट बंद केलं आणि कोरड्या बेसनात घोळवून डब्यात रचले. पीठ आणि तेल तिकडं गेल्यावर.

बाबांची गाडी घेऊन जानेफळमार्गे मेहकरकडं निघालो. दोन्ही बाजूंना तूर शेंगांवर आलेली. डबा मागच्या सीटवर. मी रस्ताभर उत्तरांची तयारी करत होतो. नवीन प्रोजेक्ट काय, ऑफिसला परत कधी बोलावणार, पगारवाढ किती. तिन्ही उत्तरं तयार होती.

वावरात पोचलो तेव्हा आर पेटला होता. मलकापूर वांगी चिरत होता, चिखली काहीच करत नव्हता. मेहकरनं तीन दगडांची चूल मांडून दिली. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा, तिखट आणि पाणी जपून. पीठ थोडं घट्टच ठेवलं. तेल चांगलं तापू दिलं, कारण तेल मंद असलं तर कवच धरेपर्यंत आतलं चीज वितळून जातं. पहिला सोडला. फुटला नाही. दुसरा, तिसरा, चौथा. बाहेर काढून मेहकरच्या हातात एक दिला. त्यानं तोडला तर आत पिवळं, मऊ, जागच्या जागी.

"अबे! राह्यलं ना आत!" तो ओरडला. चिखलीनं उठून टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या घाण्यात एक फुटला. कढईत चर्र झालं, चीज तेलावर पसरलं. मी झाऱ्यानं ते गोळा करायला वाकलो, आणि तेव्हाच मलकापूर मागून म्हणाला, "मंग पुढं काय ठरवलं तू?"

"कशाचं?"

"नोकरीचं."

मी म्हणालो, "चालू आहे."

कोणीच काही बोललं नाही. मग मलकापूरनं सांगितलं. ऑक्टोबरात एका रात्री त्याला लिंक्डइनवर माझ्या फोटोभोवती हिरवं कडं दिसलं होतं. 'ओपन टू वर्क'. मी ते फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवणार होतो, चुकीचा पर्याय दाबला गेला. सकाळी लक्षात येताच काढलं. मला वाटलं होतं, एका रात्रीत कोण पाहतंय.

"म्हणजे तुम्हाला दोन महिन्यांपासून माहीत आहे?"

"हाव," मेहकर म्हणाला. "वाट पाहत होतो तुही."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगतलं काऊन नाही?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. खरं तर होतं, पण ते बोलायला लाजिरवाणं होतं. मेहकरचं सोयाबीन भिजलं तर तो पावसाचा दोष. चिखली नापास झाला तर परीक्षाच तशी. पण या चौघांत मी पॅकेजवाला होतो आणि ते गेल्यावर या वावरात मी नक्की कोण म्हणून बसायचं, हे मला ठाऊक नव्हतं. असं काहीतरी मी तुटक तुटक बोललो. धूर डोळ्यांत जात होता, ते बरं झालं.

चिखलीनं एवढंच सांगितलं, "दुसऱ्यांदा मेन्समध्ये गेलो ना, तेव्हा तीन दिवस घरी निकालच लागला नाही म्हणून सांगत होतो. चवथ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. तीन दिवस फुकट गेले."

"माहे तीन महिने," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी तोंडातून आपसूक घरची बोली आली.

मेहकरनं माझ्या हातातला झारा घेतला. कढईतलं तळलेलं, तपकिरी झालेलं चीज काढून पानावर ठेवलं, थोडं निवू दिलं आणि कुरकुर खाल्लं. यावेळी मी अर्धं मागून घेतलं. करपट, खारट आणि खरंच चांगलं लागतं. सात वर्षं मला वाटत होतं की तो मन राखायला म्हणाला होता.

रोडगे झाले, भाजी झाली. प्रत्येकी तीन बोंडे झाले. एक फुटला, तीन उरले. ते मेहकरनं डब्यात घालून परत दिले, "काकूले दे."

सोमवारी सकाळी नऊला मी वर गेलो नाही. ते तीन बोंडे तव्यावर गरम केले. आई ओट्यापाशी उभी राहूनच खात होती. अर्धा खाऊन झाल्यावर म्हणाली, "चीज कमी टाकलं असतं तरी चाललं असतं." मग घड्याळाकडं पाहून, "मीटिंग नाही का आज?"

मी सांगितलं. सगळं, सप्टेंबरपासून.

तिनं हातातला तुकडा ताटलीत ठेवला. बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं आता फीचं विचारेल, बाबांना काय सांगायचं ते विचारेल. ते तिनं नंतर विचारलंच. पण आधी म्हणाली, "मंग मी रोज पायऱ्याईवर चप्पल काढत होती, ते कोनासाठी?"

मी काहीच बोललो नाही. तिनं राहिलेला तुकडा उचलून खाल्ला, दुसरा बोंडा माझ्या पुढं सरकवला आणि बाबांना हाक मारली.