माळशेज घाटात अडकलेली तार

१९९६ च्या पावसाळ्यात आम्ही कल्याणहून जुन्नरची लेणी पाहायला जुन्या व्हॅनने निघालो. मुरबाड, टोकावडे मागे पडले. माळशेज घाटात धुके दाटले आणि पाय उचलला तरी अ‍ॅक्सिलरेटर उतरेना. गाडीत बायकामुले! ड्रायव्हरभाऊंनी क्लच दाबला, ब्रेक लावत गाडी कडेला घेतली, मग इंजिन बंद केले. आम्ही चाकांना दगड लावले.

केबलची तार गंजून आवरणात अडकली होती. दोन्ही टोके सोडवून वरून पातळ तेल सोडले, तार मागेपुढे ओढली. ती मोकळी झाली. धागे तुटले असते तर नवीच केबल लागली असती.

पेडल महिनाभर जड लागत होते. चालढकल आम्हीच केली. बंधुभगिनींनो, सहलीला निघण्याआधी पेडल दाबून पाहा. सोडताच वर आले पाहिजे.